दुर्बिणीच्या काचा: कधी पुसायच्या, कशा पुसायच्या

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दुर्बिणींत पडून बिघडलेल्यांपेक्षा पुसून बिघडलेल्या जास्त असतात. म्हणून आधी हेच सांगतो: चार धूळकणांनी दृश्यात काहीही फरक पडत नाही. दिसली धूळ की पूस, असं करू नका.

भिंगावर हिरवट-जांभळी झाक दिसते ती परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगची. त्याचा एक थर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. ताडोबाच्या कच्च्या रस्त्यावर जिप्सीत बसून आलात, की काचेवर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण. त्यावर टी-शर्टचं टोक, रुमाल किंवा ओढणी फिरवली की ओरखडे आलेच.

म्हणून पुसण्याआधी धूळ उडवा. दुर्बीण उलटी, काच जमिनीकडे करून धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. उरलेले कण मऊ ब्रशने अलगद झटका. बहुतेक वेळा काम इथंच संपतं.

बोटांचे ठसे किंवा तेलकट डाग असतील तरच पुढं जा. लेन्स क्लीनरचा एखादा थेंब कापडावर घ्या, काचेवर थेट नको. कडेनं आत झिरपतो. स्वच्छ मायक्रोफायबरने मधून कडेकडे गोल फिरवत, जोर न देता पुसा. घरातला खिडक्या पुसायचा स्प्रे मुळीच वापरू नका. डोळ्याकडची भिंगं जास्त मळतात: पापण्यांचं तेल, घाम, सनस्क्रीन आणि काजळ. काजळाचा डाग एका फटक्यात निघत नाही. कापडाची बाजू बदलत दोन-तीनदा पुसा.

समुद्रावरून आल्यावर मात्र आळस नको. खारं पाणी सुकलं की मिठाचे खडे उरतात. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर नळाच्या बारीक धारेखाली धुवा. नसेल तर ओल्या कापडाने बाहेरचा भाग पुसा आणि काचेवरचं मीठ ओलसर लेन्स टिश्यूने आधी विरघळवून टिपून घ्या.

खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दुर्बीण चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवली, की बुरशीला आयतं घर मिळतं. केस बाजूला ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात दुर्बीण आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. त्याच डब्यात डांबराच्या गोळ्या नकोत. आणि महिन्यातून एकदा दुर्बीण बाहेर काढून वापरा, घराच्या गॅलरीतून का होईना. एसीतून दमट हवेत जाताना ती बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, नाहीतर काचांवर दव धरतं.

बुरशी आहे का, हे पाहायला मोठ्या भिंगातून टॉर्च मारा आणि आत तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच दाखवायला आणा. वेळ गेला तर बुरशी काचेवर कायमचे व्रण सोडते आणि मग साफ करूनही उपयोग होत नाही. स्क्रू स्वतः उघडू नका. प्रिझम किंचित जरी हलला तरी दोन्ही नळ्यांतली चित्रं जुळत नाहीत, आणि ती पुन्हा जुळवण्याचा खर्च साफसफाईपेक्षा जास्त येतो.

आणताना काचा पुसून आणू नका. आहे तशीच द्या.