प्रौढ-अध्ययन व ऑनलाइन प्रशिक्षण

प्रौढ-अध्ययन : कामधंदा आणि संसार सांभाळत शिकणारी मोठी माणसे नवे ज्ञान व कौशल्य कसे आत्मसात करतात, याचा अभ्यास, आणि त्यावर बेतलेली शिकवण्याची पद्धत. जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी १८३३ मध्ये त्यासाठी ‘अँड्रागॉजी’ ही संज्ञा वापरली. तिला प्रसिद्धी दिली विसाव्या शतकात अमेरिकेतील मॅल्कम नोल्स यांनी. नोल्स यांच्या मते हे का शिकायचे ते प्रौढाला आधी पटावे लागते, आणि विषयापेक्षा समोरची अडचण त्याला लवकर शिकवते. सिद्धांत म्हणून हे पुराव्यावर पुरते उतरलेले नाही. मुले आणि मोठी माणसे यांच्या शिकण्यातला भेद नोल्स यांनीही पुढे बराच सौम्य केला. आराखडा म्हणून मात्र ते कामाचे आहे.

नाशिकमध्ये मोठ्या माणसांना दूरून कसे शिकवायचे हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून, शिक्षक जवळ नसताना वाचता येईल असे स्वयं-अध्ययन साहित्य आणि अभ्यासकेंद्रांतली संपर्कसत्रे यांची सांगड घातली. ऑनलाइन पाठांना आजही या दोन्हींची गरज असते. पुस्तकाची पीडीएफ चढवली की अभ्यासक्रम झाला, असे नाही.

प्रौढाचा अनुभव हे भांडवल असते, तशी अडचणही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला छाटणी शिकवायला जाणे धाडसाचेच. पण २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा हा अनुभव तोकडा पडला : माल डोळ्यांना निर्दोष दिसत होता, अंश दिसतो तो प्रयोगशाळेत. अशा विषयावरचा पाठ रसायनशास्त्रापासून सुरू करू नये. आधी बागायतदाराला त्याच्याच फवारणीच्या नोंदी भरायला लावाव्यात, निर्णयाचे कारण विचारावे, मग तपासणीचा अहवाल शेजारी ठेवावा. वेळही साधावी लागते. केवडा या द्राक्षवेलीवरच्या रोगाचा पाठ ऑक्टोबर छाटणीनंतर, पोंगा अवस्थेच्या (डोळे फुटून कोंब निघण्याच्या) तोंडावर आला तर बघितला जातो. उन्हाळ्यात पाठवलेला तसाच पडून राहतो.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत पाळीचे वेळापत्रक हाच खरा अभ्यासक्रम-रचनाकार. तिथे तासाभराच्या व्हिडिओपेक्षा एकाच कामाचे छोटे, थांबवता येणारे तुकडे बरे. प्रत्येक तुकड्यानंतर आणि पुन्हा काही दिवसांनी आठवून उत्तर द्यायला लावणारा प्रश्न हवा. उजळणी न केलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. याउलट ‘कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून’ अशी शिकणाऱ्यांची वर्गवारी करून पाठ बनवण्याला भक्कम पुरावा नाही, तरी प्रशिक्षक-वर्गात ती लोकप्रिय आहे.

मूल्यमापनात व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की नाही एवढेच मोजण्याची सवय सर्वत्र दिसते. बागायतदाराच्या बाबतीत पुढच्या हंगामातली फवारणीची नोंदवही आणि कामगाराच्या बाबतीत यंत्रावर प्रत्यक्ष करून दाखवलेले काम, ही अधिक विश्वासार्ह मोजमापे होत.