दगडी रोलरची गाडी विटांत उतरते तेव्हा

अश्मयुगात घडणाऱ्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतली फ्रेडची गाडी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पुढे-मागे दगडाचे दोन जाड रोलर, दोन्ही बाजूंना ओंडके, वर काठ्यांवर ताणलेलं छत, आणि इंजिनाच्या जागी फ्रेडचे स्वतःचे पाय. लेगोच्या प्लास्टिकच्या विटा जोडून ही गाडी बांधणारे खूप आहेत. त्यातले काही जण पुढे जाऊन मालिकेच्या शेवटच्या नामावलीतला तो प्रसंगही उभा करतात: ड्राइव्ह-इन खानावळीत डायनासोरच्या बरगड्यांचा अवाढव्य तुकडा गाडीच्या कडेला ठेवला जातो आणि सगळी गाडीच आडवी होते. असं मनाने रचलेलं मॉडेल म्हणजे या छंदातल्या लोकांच्या भाषेत ‘मॉक’, ‘माय ओन क्रिएशन’चं लघुरूप. असा एक मॉक टेबलावर येतो तेव्हा त्याच्यामागे दोन वेगवेगळे इतिहास असतात, एक अमेरिकेतला आणि एक डेन्मार्कमधला.

आधी अमेरिकेतला. १९५७ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला आणि ‘टॉम अँड जेरी’ घडवणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा टीव्हीकडे वळले. सिनेमासाठी सात-आठ मिनिटांच्या एका कार्टूनवर जितका पैसा आणि वेळ मिळायचा, तितका टीव्हीवर मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी चित्रांची काटकसर केली. पात्राचं धड एका पारदर्शक शीटवर, डोकं दुसऱ्या शीटवर, हात तिसऱ्यावर. जे हलतं तेवढंच नव्याने काढायचं. ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या आणि १९६६ पर्यंत १६६ भाग चाललेल्या ‘फ्लिंटस्टोन्स’चा सगळा डोलारा याच पद्धतीवर उभा होता. गाडी धावते तेव्हा प्रत्यक्षात ती जागची हलत नाही. मागची घरं आणि झाडं सरकतात, संपली की पुन्हा तीच येतात. हे जमायला गाडी बाजूने दिसणं सोयीचं, म्हणून ती बहुतेक वेळा बाजूनेच दिसते.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. बाजूचं दृश्य त्याला हवं तितक्या वेळा थांबवून पाहता येतं. पण गाडी नेमकी किती रुंद, छताच्या काठ्या कुठे रोवल्या आहेत, रोलर ओंडक्यांना कसा जोडला आहे, या प्रश्नांना चित्रांत एकच पक्कं उत्तर मिळत नाही, कारण चित्रकाराला त्याची गरजच नव्हती. कार्टूनमधलं वाहन बांधणं खऱ्या गाडीची प्रतिकृती करण्यापेक्षा अवघड, असं मी म्हणतो ते यामुळे. खऱ्या गाडीची मापं घेता येतात. इथे अर्धी गाडी आपणच ठरवायची असते, आणि तरी पाहणाऱ्याला ती ओळखीची वाटली पाहिजे.

आता डेन्मार्क. बिलुंड गावातल्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली आणि १९३४ मध्ये ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव घेतलं. प्लास्टिकची वीट १९४९ ची. तिची मूळ कल्पना इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडिक्राफ्ट’ विटांची होती, आणि ते श्रेय त्यांना मिळायलाच हवं. त्या सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या, एकमेकींना नीट धरत नसत. ओले यांचे चिरंजीव गॉडफ्रेड यांनी आत नळ्या बसवलेल्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं, आणि तेव्हापासून वीट विटेला घट्ट पकडू लागली. १९६२ मध्ये चाकं आली. १९६३ पासून आधीचं प्लास्टिक जाऊन एबीएस आलं. ते आकार बदलत नाही, रंगही नीट धरतं.

या विटांच्या मापांत एक गंमत दडलेली आहे. वरच्या शेजारशेजारच्या दोन गोल उंचवट्यांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि पातळ पट्टीची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, बरोबर दोन उंचवट्यांइतके. याचाच अर्थ, विटा आडव्या करून बसवल्या तरी त्या उभ्या विटांशी जुळतात. उंचवटे वर न ठेवता बाजूला वळवून बांधण्याच्या या तंत्राला बांधणारे ‘स्नॉट’ म्हणतात, आणि कार्टूनमधल्या गोलाईला त्याच्याशिवाय इलाज नाही. फ्रेडच्या गाडीचा रोलर असाच चारही बाजूंना तोंडं वळवून, वर वक्र तुकडे लावून गोल करता येतो.

सुटे भाग मिळवणं ही फार काळ मोठी अडचण होती. घरात जितके संच, तितकेच तुकडे. मातकट रंगाचे चाळीस वक्र तुकडे हवे असतील तर ते आणायचे कुठून? १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ‘एलड्रॉ’ लिहिलं आणि संगणकावर विटा रचून पाहणं शक्य झालं. दोनच वर्षांत त्यांचं निधन झालं, पण त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीवर आजही काम चालतं. २००० मध्ये सुट्या विटांचा ऑनलाइन बाजार सुरू झाला. तो पुढे ‘ब्रिकलिंक’ या नावाने जगभर माहीत झाला आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. या दोन गोष्टींनी जे झालं, ते माझ्या मते कुठल्याही नव्या संचापेक्षा मोठं आहे: आधी मनातलं रचायचं आणि मग नेमके तेवढेच तुकडे मागवायचे.

परवाना घेऊन दुसऱ्यांची पात्रं विकणंही लेगोने उशिराच सुरू केलं. चेहरा आणि हात-पाय असलेली छोटी बाहुली १९७८ ची, पण ‘स्टार वॉर्स’चे संच १९९९ मध्ये आले. पुढे जपानमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘कूसू’ उपक्रमाने चाहत्यांनाच विचारलं की तुम्ही काय बांधलंय. मॉडेलचा संच काढण्याचा विचार व्हायला तेव्हा १,००० मतं पुरायची; जगभरासाठी तो आकडा १०,००० झाला, आणि २०१४ मध्ये उपक्रमाचं नाव ‘लेगो आयडियाज’ झालं. यातूनच बीटल्सच्या कार्टूनपटातली पिवळी पाणबुडी २०१६ मध्ये आली. मिकीची काळी-पांढरी वाफेची बोट २०१९ ची. ती ढकलली की तिची धुराडी वर-खाली होतात. त्याच वर्षी ७४८ तुकड्यांचा फ्लिंटस्टोन्स संच आला: घर, गाडी आणि चार बाहुल्या. तोही मुळात एका चाहत्याचा मॉकच.

आपल्याकडे ही गाडी ओळखीची झाली ती मात्र टीव्हीमुळे. टर्नर कंपनीने १९९१ मध्ये हॅना-बार्बेराचा सगळा साठा घेतला, त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी कार्टून नेटवर्क सुरू केलं, आणि १९९५ मध्ये ती वाहिनी भारतात आली. साठच्या दशकातली अमेरिकन मालिका नव्वदीत मुंबई-पुण्याच्या मुलांपर्यंत पोचली ती अशी.

राहिला तो बरगड्यांचा प्रसंग. संचात घर आणि गाडी आहे, पण गाडीचं कलंडणं ज्याने त्याने स्वतःच सोडवायचं. अडचण वजनाची आहे. प्लास्टिकच्या बरगड्या कितीही मोठ्या केल्या तरी हलक्याच राहतात, आणि रुंद रोलरवरची गाडी जागची ढळत नाही. सत्तरच्या दशकात लेगोने पाण्यावर तरंगणाऱ्या बोटी काढल्या होत्या. त्या उलटू नयेत म्हणून तळाशी बसवायला एक वेगळी जड वीट असे. जुन्या सुट्या भागांत ती शोधली तर मिळते. तीच वीट बरगड्यांच्या आत दडवून तो तुकडा गाडीच्या कडेला, रोलरच्या टोकाबाहेर लटकवायचा. मग हात काढून घेतला की गाडी आपोआप आडवी होते.