बायोचार म्हणजे राख नव्हे हो!

बायोचार, म्हणजे हवेशिवाय तापवून केलेला सुक्या कचऱ्याचा कोळसा. पण नाव काढलं की निम्मे लोक विचारतात, म्हणजे राखच ना? दोन्ही जळक्या दिसतात, दोन्ही मातीत टाकतात, म्हणून घोळ होतो. पण राख होताना हवा भरपूर असते, त्यामुळे कार्बन जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, नायट्रोजनही जातो, आणि खाली उरतात नुसते क्षार, पोटॅश, कॅल्शियम वगैरे. लाकडाची राख तर वजनाच्या जेमतेम एखाददोन टक्के. बायोचारला हवाच मिळू द्यायची नाही, मग कचरा पेटत नाही, बंद डब्यात तापून तापून त्यातला वायू आणि डांबरासारखी वाफ निघून जाते आणि कार्बनचा सच्छिद्र सांगाडा राहतो, सुक्या मालाच्या साधारण 25 ते 35 टक्के.

आता उन्हाच्या उष्णतेवर बायोचार करण्याचं. साध्या भट्टीत आच द्यायला काहीतरी जाळावंच लागतं, म्हणजे बायोचार करताना थोडी राख होतेच. उन्हात आच बाहेरून येते, जाळायचं काहीच नाही, मला तर हाच खरा फायदा वाटतो. पण पेटीवाला सोलर कुकर लावून बसू नका, तो 150 अंशांच्या आसपासच दमतो, त्यात कचरा फक्त वाळतो (तेही हवंच, नाहीतर सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते). बायोचार व्हायला 300 च्या वर, चांगला व्हायला 400-500 अंश लागतात, म्हणजे ऊन एका बिंदूवर गोळा करणारा पॅराबोलिक (खोलगट) आरसा नाहीतर फ्रेस्नेल लेन्स (चपटं भिंग). अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या टीमने 2014 मध्ये आठ आरशांनी ऊन गोळा करून फायबर ऑप्टिकमधून टॉयलेटपर्यंत नेलं आणि चक्क मैल्याचा बायोचार केला!

डब्याला वायू बाहेर पडायला बारीक भोक ठेवा, पूर्ण सील केलात तर फुटेल. आणि वेल्डिंगचा काळा गॉगल लावा, त्या फोकसकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही.

मातीत गेल्यावर तर राख आणि बायोचार यांचं अजिबात जुळत नाही. राख लगेच विरघळून पोटॅश देते, पण कडक अल्कलाइन, म्हणून युरियात कधी मिसळू नका, अमोनिया उडून जातो. बायोचार स्वतः फारसं खत देत नाही, तो पाणी आणि खत धरून ठेवतो आणि शेकडो वर्षं टिकतो, पण कोरडाच टाकलात तर सुरुवातीला मातीतलाच नायट्रोजन अडकवून बसतो, म्हणून आधी कंपोस्टमध्ये मुरवा.

आणि डबा पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. मी एकदा घाई केली, आतला बायोचार लालबुंद होऊन धुमसत राहिला, सकाळी बघतो तर मूठभर पांढरी राख.