नागीण उतरली, आग राहिली

माझ्या आजोबांच्या नागिणीच्या खपल्या गळून चार महिने झाले. बरगडीवर फिकट डाग तेवढे उरलेत. तरी सदरा घासला की ते कळवळतात, पंख्याचा वारासुद्धा नको म्हणतात. भेटायला येणारे डाग बघतात आणि म्हणतात, "बरं झालं की आता!"

झालेलं नाही. दुखणं आता कातडीत नाही, नसेत आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं निपचित पडून असतो. वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो आणि बहुधा एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणूनच फोडांचा पट्टा एका बाजूलाच उठतो आणि अंगाच्या मध्यावर थांबतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, या भीतीला काही आधार नाही. खरी हानी होते ती त्या वाटेची, म्हणजे नसेची.

फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात. जखमी नस मात्र कुणी हात लावलेला नसतानाही दुखण्याचे निरोप धाडत राहते. या माऱ्याने मज्जारज्जूतल्या चेतापेशीही हळव्या होतात. इजेनंतर मज्जारज्जूचा प्रतिसादच बदलतो, हे वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मग साधा कापडाचा स्पर्शही वेदना होऊन मेंदूपर्यंत पोचतो. आजोबा कांगावा करत नाहीत. त्यांना सदरा खरोखरच दुखतो.

डॉक्टरांपुढे नुसतं "दुखतं" म्हणून थांबू नये. ठणकतं की भगभगतं, कळ येते की मुंग्या, हे सांगावं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी तर १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ शब्दांची प्रश्नावलीच केली होती. आग, मुंग्या, विजेसारखे झटके हे शब्द आले की संशय नसेवर जातो आणि औषध बदलतं. नसेच्या दुखण्याला नेहमीची वेदनाशामक गोळी फारशी जुमानत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतात. यातलं शेवटचं मूळचं नैराश्यावरचं. हे कळल्यावर "मला काय वेड लागलंय?" म्हणून आजोबांनी ते परस्पर बंद केलं होतं. मेंदूकडून खाली येणारी, वेदना दाबणारी यंत्रणा ते बळकट करतं, एवढं कुणी आधी समजावलं असतं तर तीन आठवड्यांचे हाल वाचले असते. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, तोल जातो. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूरोधक औषध सुरू झालं तर फोड लवकर सुकतात. लेप लावून बघू म्हणण्यात नेमके हेच तीन दिवस जातात. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लसही आता भारतात मिळते. तिने नागीण आणि मागून राहणारी ही आग, दोन्हींचा धोका बराच कमी होतो.

आजोबा सध्या जुना मलमलचा सदरा उलटा घालतात. शिवण बाहेर राहिली की जरा सोसतं म्हणतात.