हौशी 'सौभद्र' आणि नाशिक

नाशिकमधली एखादी हौशी संस्था संगीत नाटक बसवायला घेते तेव्हा पहिलं नाव निघतं ते 'सौभद्र'चं. त्यामागे भक्तिभाव आहेच, पण एक व्यावहारिक कारणही आहे आणि ते थेट या नाटकाच्या जन्माशी जाऊन भिडतं.

'सौभद्र'चे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्याच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक पुण्यात रंगमंचावर आले ते या नोकरदार माणसाच्या ध्यासातून. 'सौभद्र' आलं 1882 साली. दोन्ही नाटकांत पदांची रेलचेल आहे. 'सौभद्र'ची पदं शंभराच्या वर जातात. आज हा आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यातली बरीच पदं साक्या, दिंड्या, कामदा अशा जुन्या, सोप्या वृत्तांच्या वळणाची आहेत. कीर्तनात आणि घरातल्या पोथीवाचनात ज्यांचे कान तयार झाले, त्यांना ती सहज उचलता येत. दोन ओळींची साकी म्हणायची आणि लगेच संवादाला लागायचं, अशी त्यांची बांधणी. गाण्याची तालीम बेताची असलेल्या नटालाही तिथे जागा होती.

पुढे नाट्यसंगीताची उंची वाढली. 1911च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या आणि 1916च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांच्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून हे संगीत घराघरांत पोचलं. मराठी माणसाच्या कानावर त्याचे अपार उपकार आहेत. पण त्याचबरोबर संगीत नाटक हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेर गेलं, असं मला वाटतं. एकेक पद वन्समोर घेत दहा-पंधरा मिनिटं रंगू लागलं की तिथे पट्टीचा गवईच लागतो. बँकेतून सुटून तालमीला येणारा कृष्ण ते कुठून आणणार?

संगीत नाटकाचं आणि नाशिकचं नातं मात्र या सगळ्याच्या मधोमध, एका रक्तरंजित रात्री इतिहासात नोंदलं गेलं. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनचा तो निरोपाचा काळ. प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी तिथेच गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. देवलांचं हे नाटक लिहिलं गेलं जरठ-कुमारी विवाहाच्या विरोधात. नाशिककरांच्या आठवणीत ते कायमचं क्रांतिकारकांच्या नावांशी बांधलं गेलं.

यानंतरचा मोठा टप्पा नाशिकमध्येच लिहिला गेला आणि त्याचं श्रेय गावाने अजून पुरेसं मिरवलेलं नाही. वसंत कानेटकर हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. त्यांचं 'मत्स्यगंधा' 1964 साली आलं. दोनच वर्षांनी कुसुमाग्रजांचं 'ययाति आणि देवयानी' आलं. दोन्ही नाटकं मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणली आणि दोन्हींना संगीत होतं जितेंद्र अभिषेकींचं. पदं मोजकी, प्रसंगाला धरून बेतलेली, आणि ऐकणाऱ्याला गुणगुणता येतील अशी. गाणं संपलं की नाटक पुढे सरकतं, ही 'सौभद्र'ची जुनी शिस्त तिथे नव्या चालींत परत आली. 'गुंतता हृदय हे' गायला अवघड आहे, हे खरं. पण ते काही मिनिटांत आटोपतं आणि रंगलेला प्रसंग तसाच राहतो. हौशी संस्थेला हे फार मोठं वरदान आहे.

राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संगीत नाटकाला बळ दिलं. गद्य नाटकांबरोबरच संगीत नाटकांची स्पर्धाही होऊ लागली, तेव्हा गावोगावच्या मंडळांना तालमीला एक तारीख आणि एक कारण मिळालं. नाशिकला प्रयोगासाठी सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे आणि शालिमारजवळ कालिदास कलामंदिर.

आज 'सौभद्र' बसवताना संस्थांना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली काटछाटीची. शंभर पदांतून वीस-पंचवीस निवडायची तर बहुतेकांचा हात आधी साक्या-दिंड्यांवर चालतो आणि प्रसिद्ध पदं तेवढी उरतात. मला हे चुकीचं वाटतं. त्या छोट्या पदांवरच संवादाची चाल तोललेली आहे. ती गेली की मैफलीच्या मध्ये गोष्ट घुसडल्यासारखी वाटते. दुसरी पट्टीची, म्हणजे गाणाऱ्याच्या स्वराच्या उंचीची. सुभद्रा आणि रुक्मिणी या भूमिका एके काळी पुरुष करत. आता त्या स्त्रिया करतात, त्यामुळे अर्जुन-सुभद्रेच्या प्रवेशात ऑर्गनवाल्याला एका पदावरून दुसऱ्यावर जाताना पट्टी बदलावी लागते. म्हणून ऑर्गन आणि तबला शेवटच्या आठवड्यात बोलावून भागत नाही. वाचन संपून नट उभे राहिले की त्याच दिवसापासून साथीदार तालमीत बसलेले असावेत.