पीयूसीतली उदासी आणि रक्तातला दाह

निपाणी-खानापूरकडची पीयूसीची (म्हणजे अकरावी-बारावीची) पोर दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच सांगते. अंगात कणकण असते, जेवण जात नाही, कॉलेजला जावंसं वाटत नाही. थर्मामीटर लावावा तर ताप नाही. मग टॉनिक मिळतं, नाहीतर दृष्ट काढली जाते.

ती कणकण खोटी नसते. जंतू शिरले की प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६ हे निरोप्या प्रथिन सोडतात, त्यामुळे यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं, आणि मेंदूला निरोप जातो: पडून राहा. भूक मरते, माणसं नकोशी होतात. शरीराच्या या प्रतिक्रियेलाच दाह म्हणतात. आजारात हे सोयीचंच. पण मारहाण, अत्याचार किंवा घरातल्या रोजच्या दहशतीत वाढलेल्या काही मुलांत हा दाह पुरता शमत नाही. एरवी कॉर्टिसोल हे ताणात स्रवणारं संप्रेरक त्याला लगाम घालतं. सततच्या ताणात पेशी कॉर्टिसोललाही दाद देईनाशा होतात, असं संशोधक मानतात.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा घेतला गेला. लहानपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात ३२व्या वर्षीही दाहाच्या खुणा जास्त सापडल्या. त्याहून बोलका मला २०१२चा किशोरवयीन मुलींचा अभ्यास वाटतो. नैराश्य आलं तेव्हा सीआरपीही चढला, पण बालपण खडतर गेलेल्या मुलींतच, बाकीच्यांत नाही. म्हणजे वरून सारखी दिसणारी उदासी आतून वेगवेगळी असू शकते.

म्हणून लगेच लॅब गाठू नये. सीआरपी हिरड्या सुजल्या तरी वाढतो, वजन जास्त असलं तरी वाढतो. दाह कमी करणाऱ्या औषधांवरही इतक्यात भिस्त नको: २०१३ साली अमेरिकेत नैराश्याच्या ६० प्रौढ रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे असंच एक औषध वापरून पाहिलं, तर एकंदरीत फायदा दिसला नाही, सीआरपी मुळात जास्त असलेल्यांत तेवढी आशा दिसली. हळदीच्या दुधाचं तर विचारूच नका.

माझ्या मते तपासणीपेक्षा एक प्रश्न मोलाचा: घरी काय चाललंय? तो आई-काकूंना खोलीबाहेर बसवून, मुलीला मोकळेपणी बोलता येईल अशा भाषेत विचारायला हवा. आपल्याकडे हे अवघड. डॉक्टर कन्नड, पोर मराठी, आणि मधे उत्तरं देणारी मावशी! टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर भाषा निवडता येते, रात्री-अपरात्रीही. समोरासमोर दाखवायचं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दिवसात जाऊन येण्याजोगी आहे.