सहसंयुज बंध

दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरतात तेव्हा त्यांच्यात होणाऱ्या रासायनिक बंधाला सहसंयुज बंध म्हणतात. ही जोडी दोन्ही केंद्रकांकडे एकाच वेळी ओढली जाते, त्यामुळे जोडलेल्या अणूंची ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी भरते. हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकांमधले अंतर ७४ पिकोमीटर असते आणि एक मोल (सुमारे ६ × १०²³) रेणूंतले बंध तोडायला सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या रेणूत अशा दोन जोड्या असतात, नायट्रोजनच्या रेणूत तीन. सामाईक जोडीची कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनी १९१६ मध्ये मांडली.

भागीदारी म्हटली तरी वाटणी सहसा सारखी नसते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन जोडी स्वतःकडे ओढून धरतो. तो किंचित ऋणभारित होतो, हायड्रोजन किंचित धनभारित.

सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल सुती असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या घटकांची सहसंयुज बंधांनी जोडलेली लांबलचक साखळी. विणण्याआधी सूत रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जुळवणाऱ्या रंगाने, रंगवले, तर हौदात सहसंयुज आणि आयनिक (विरुद्ध भारांच्या आयनांमधल्या ओढीचा) असे दोन प्रकारचे बंध शेजारी शेजारी पाहायला मिळतात. रंग सुताकडे ढकलायला घातलेले मीठ आयनिक. ते पाण्यात विरघळून शेवटी पाण्याबरोबरच निघून जाते. मग सोडा पडतो. त्याने सेल्युलोजवरच्या काही ऑक्सिजन अणूंचा हायड्रोजन सुटतो, आणि तो ऑक्सिजन रंगाच्या रेणूतल्या कार्बनशी बंध जुळवतो. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत त्यासाठी त्या कार्बनला जोडलेल्या क्लोरीनला जागा सोडावी लागे. इथे जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचेच असतात. शाळेच्या वहीत एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी, दुसऱ्याचे फुल्यांनी दाखवतात; ती सोय हिशेबापुरती, कारण बंध झाल्यावर कुठला इलेक्ट्रॉन कोणाचा हे ओळखताच येत नाही.

असा रंग धाग्याचाच भाग होतो, म्हणून पक्का. पण हौदातल्या पाण्यातही ऑक्सिजन आहेच. रंगाचे काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच बंध जुळवून बसतात. ते मग सुताच्या कामाचे राहत नाहीत, नुसते चिकटून असतात. रंगणीनंतर साबणाच्या गरम पाण्यातून सूत नीट काढले नाही, तर घरी पहिल्या धुण्याला बादलीत उतरतो तो हा रंग.